घरच्यांची सर्दी, बाळाचा न्यूमोनिया

ज्या विषाणूमुळे मोठ्या माणसाचं चार दिवस नाक गळतं, त्याच विषाणूमुळे तीन आठवड्यांचं बाळ व्हेंटिलेटरवर जाऊ शकतं. विषाणू तोच असतो, फरक पडतो तो लागण झालेल्या शरीरात. हे आधी सांगायला हवं, कारण डॉक्टरांनी ‘न्यूमोनिया’ हा शब्द उच्चारला की घरचे लोक भलत्याच गोष्टीचा तपास सुरू करतात. बाळंतिणीने काय खाल्लं, थंड पाणी प्यायली का, अंघोळीनंतर बाळाला वारा लागला का, पंखा कोणी लावला. आणि ज्याने दोन दिवसांपूर्वी खोकत खोकत बाळाला मांडीवर घेतलं होतं, तो मामा बाजूलाच उभा असतो.

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतल्या बाळाला वैद्यकात नवजात म्हणतात. न्यूमोनियात फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांना सूज येते, त्यांत पाणी आणि मेलेल्या पेशी साचतात, आणि तिथून रक्तात प्राणवायू जाणं अवघड होतं. हे जिवाणूंमुळे होतं तसं विषाणूंमुळेही होतं. विषाणूंमध्ये पहिला नंबर आरएसव्हीचा, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरसचा. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. बहुतेकांची सर्दी होऊन भागतं. पण २०१९ सालासाठी केलेल्या जागतिक अंदाजानुसार पाच वर्षांखालची सुमारे १ लाख मुलं त्या एका वर्षात या विषाणूने दगावली. त्यांतली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली होती. आरएसव्हीखेरीज इन्फ्लुएन्झा, पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनो, २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला मेटान्यूमोव्हायरस, करोना आणि साध्या सर्दीचा म्हणून कोणी मोजत नाही तो ऱ्हायनोव्हायरस, हे सगळे या यादीत आहेत.

एक मिलिमीटरची सूज

शहाळ्याचं पाणी जाड नळीने पिताना काही वाटत नाही, पण तीच नळी चिमटीत धरून अर्धी दाबली तर गाल दुखेपर्यंत ओढावं लागतं. नळी अर्धी झाली म्हणून त्रास दुप्पट होत नाही, तो कितीतरी जास्त वाढतो. किती, हे १८४० च्या सुमारास एका फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून दाखवलं होतं. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दोनाचा चौथा घात, म्हणजे १६ पट होतो.

हा हिशेब बाळाला लावून पाहा. मोठ्या माणसाची ८ मिलिमीटर व्यासाची श्वासनलिका घेतली आणि तिला आतून सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली, तर ६ मिलिमीटर जागा उरते आणि अडथळा तिपटीच्या आसपास जातो. माणूस खोकतो, कुरकुरतो, आल्याचा चहा पितो. बाळाची श्वासनलिका मुळातच ४ मिलिमीटरची. तेवढीच सूज आली की उरतात २ मिलिमीटर, आणि अडथळा होतो १६ पट. बाळ रडायला लागलं की हवेचा प्रवाह खळबळतो आणि अडथळा आणखी वाढतो. म्हणूनच एनआयसीयूमधल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, परिचारिका अशा बाळाला विनाकारण हात लावू देत नाहीत. त्यात तुसडेपणा नसतो, रडवायचं नसतं म्हणून ती काळजी असते.

अडचणी इथे संपत नाहीत. नवजात बाळ बहुतांशी नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नुसतं नाक चोंदलं तरी त्याची धांदल उडते. बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या असतात, त्यामुळे जोर लावून श्वास घेतला की छाती फुगायच्या ऐवजी आत जाते. सगळा भार श्वासपटलावर येतो, आणि न थकता काम करणारे स्नायूतंतू त्यात अजून कमी असतात. एखादी बारीक नलिका चिकट स्रावाने बुजली, तर शेजारच्या पिशवीतून हवा यायचे जे मार्ग मोठेपणी असतात तेही पुरेसे तयार झालेले नसतात, म्हणून फुप्फुसाचा तेवढा भाग मिटून जातो. हे सगळं चालू असताना बाळाला दूधही प्यायचं असतं. चोखणं, गिळणं आणि श्वास ही तीन कामं एका तालात करावी लागतात, आणि श्वासालाच ताकद पुरत नसेल तर पहिल्यांदा सुटतं ते दूध.

आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बाळाला पहिले काही महिने सांभाळतात, हे खरं. पण ती नाळेतून बाळाकडे जातात मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, आणि त्यातही शेवटच्या काही आठवड्यांत जास्त. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं अपुरी असतात आणि ही शिदोरीही त्याला अर्धवटच मिळालेली असते. मुदतपूर्व जन्मलेली, जन्मतः हृदयदोष असलेली आणि फुप्फुसांचा जुना आजार असलेली बाळं सर्वांत आधी अडचणीत येतात ती यामुळे. मात्र रुग्णालयात दाखल होणाऱ्या बाळांमध्ये पूर्ण दिवस भरलेली, तोवर अगदी धडधाकट असलेली बाळंच संख्येने जास्त असतात, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

ताप नाही, खोकलाही नाही

न्यूमोनिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सणसणीत ताप आणि छातीतला खोकला येतो. नवजात बाळात यातलं काहीच नसण्याची शक्यता असते. अंग गरम होण्याऐवजी गार पडू शकतं. खोकला बहुधा नसतोच, किंवा असला तरी इतका क्षीण की शिंकेसारखा वाटतो. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळात तर कधी कधी पहिली खूण म्हणजे श्वास मध्येच थांबणं. सर्दीचा पत्ता नसतो, आणि बाळ २० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वासच घेत नाही.

मग पाहायचं काय? माझ्या मते सर्वांत आधी दूध. काल प्रत्येक वेळी पोटभर ओढणारं बाळ आज दोन घोट घेऊन सोडतंय, दमतंय, घामेजतंय, पिताना झोपी जातंय आणि उठवूनही पीत नाही, तर नाक वाहत असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. शी-शूची दुपटी नेहमीपेक्षा कमी भिजत असतील तर दूध पोटात जात नाही, याचा तो पुरावा.

दुसरी गोष्ट श्वास मोजणं. याला यंत्र लागत नाही, सेकंदकाटा लागतो. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना अंगावरचं दुपटं बाजूला करायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. १५ सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही. नवजात बाळाचा श्वास मुळात अनियमित असतो, भराभर काही श्वास घेऊन ते पाच-दहा सेकंद थांबतं आणि पुन्हा सुरू करतं, आणि हे नैसर्गिक आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेगवान श्वास, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. आकडा ६० च्या वर आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तोच आला तर उशीर करायचा नाही.

काही खुणा दिसल्या तर मोजत बसायचीही गरज नाही. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग खोल आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलतायत, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येतोय, बाळ हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, अंग ३८ अंश सेल्सियसच्या वर तापलंय किंवा ३५.५ च्या खाली गार पडलंय, तर तडक रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. ओठ निळे पडल्याचं सावळ्या बाळात चटकन कळत नाही. जीभ आणि हिरड्या पाहाव्यात.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे दिवस. आरएसव्हीची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण चार ते सहा दिवस लागतात, आणि लक्षणं सुरू झाल्यावर त्रास सर्वांत जास्त वाढतो तो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. त्यामुळे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. दोन दिवसांनी बाळ बदललं तर त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जायला संकोच कसला?

विषाणू घरात येतो तो आपल्याच माणसांबरोबर

थोड्या बाळांना विषाणू जन्माआधीच आईच्या रक्तातून मिळतो, सायटोमेगॅलो किंवा रुबेलासारखा. काहींना जन्मताना मिळतो. यात हर्पीस सर्वांत घातक. तो फुप्फुसांबरोबर यकृतालाही गिळतो, आणि आईला काही त्रास असल्याचं बरेचदा ठाऊकही नसतं. मात्र त्याच्यावर असिक्लोव्हिर हे औषध आहे, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलं बाळ अचानक फार आजारी झालं तर डॉक्टर तपासणीचा अहवाल यायच्या आधीच ते सुरू करतात. तापानंतर ज्यांच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्या येतात, त्यांनी बाळाची पापी घ्यायची नाही ती याच विषाणूपायी.

बाकी बहुतेक संसर्ग जन्मानंतरचे, आणि घरातलेच. गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं रुग्णालयात होतात, ही मोठी जमेची बाजू. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ घरी येतं आणि तिथून पुढचा महिना पाहुण्यांचा असतो. सहावीची पूजा, बारसं, आणि पावसाळ्यातलं बाळ असेल तर चतुर्थी. मुंबई-पुण्याची माणसं गावच्या घरी उतरलेली, बाहेर पाऊस, खिडक्या बंद, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. थोरल्या भावंडाला बंद काचांच्या बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, वर्गातल्या कोणाचा तरी खोकला मिळालेला असतो, आणि ते घरी येऊन आधी बाळाचा गाल ओढतं. आपल्यासारख्या दमट प्रदेशात आरएसव्हीच्या लाटेचं पावसाशी नातं असतं. उत्तर भारतात तो प्रामुख्याने थंडीतला आजार आहे.

हा विषाणू टेबल, पलंगाची कड अशा कडक पृष्ठभागांवर काही तास टिकतो, आणि मोठ्या माणसाच्या हातावर सुमारे अर्धा तास. साबणापुढे त्याचं काही चालत नाही. त्यामुळे बाळाला घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुणं आणि सर्दी असलेल्याने खोलीतच न येणं, या दोन गोष्टींनी जितकं साधतं तितकं कुठल्याही महागड्या वस्तूने साधत नाही. हे थोरल्या मंडळींना सांगणं सोपं नाही, मान्य आहे. ‘आमची मुलं नाही का वाढली अशीच?’ हे उत्तर ठरलेलं. अशा वेळी सुनेला पुढे करू नये. सासरी मुलाने आपल्या आईला सांगावं, माहेरी जावयाने नव्हे तर लेकीच्या भावाने आपल्या आत्याला सांगावं, किंवा सरळ ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ म्हणावं. डॉक्टर हा ठपका आनंदाने घेतात.

आईलाच सर्दी झाली तर? आजही कित्येक घरांत पहिली गोष्ट होते ती दूध तोडणं, आणि तीच सर्वांत मोठी चूक. बाळाला विषाणू मिळायचा तो आईला लक्षणं दिसेपर्यंत बहुधा मिळून गेलेला असतो, आणि त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधातून येत असतात. मास्क लावावा, हात धुवावेत आणि पाजत राहावं.

धुरीबद्दलही बोलायलाच हवं. अंघोळीनंतर शेगडीवर ओवा, वेखंड, ऊद टाकून बाळाला धुरी देण्याची रीत अजून चालू आहे. त्यामागची माया मी नाकारत नाही, पण कुठलाही धूर हा बाळाच्या फुप्फुसांना धूरच. श्वासनलिकांच्या आतले बारीक केस स्राव बाहेर ढकलत असतात, धुराने ते मंदावतात आणि विषाणूला आयती वाट मिळते. ऊब हवी तर टोपडं, मोजे आणि आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं पुरतं. अंघोळीच्या वेळी नाकात तेलाचे थेंब सोडण्याची पद्धत तर ताबडतोब थांबवावी. ते तेल थेट फुप्फुसात उतरून निराळ्याच प्रकारचा न्यूमोनिया करू शकतं. घरात सिगरेट ओढणाऱ्याला मी वेगळं काही सांगत नाही, त्याला ठाऊक आहे.

रुग्णालयात काय करतात

गोव्यातल्या वाळपई, सांगे किंवा काणकोणहून बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय गाठायला तासाहून जास्त वेळ जाऊ शकतो. म्हणून आधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात प्राणवायू सुरू करून मग पुढे न्यायचं, की थेट निघायचं, हे १०८ च्या माणसांवर सोडावं. वाटेत बाळाला ऊब द्यायची, आणि दमलेल्या बाळाला बळेच दूध पाजायचं नाही, ते श्वासात जाऊ शकतं. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि वाहतूक जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहेत. म्हणून पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत घरी थांबण्याचं कारण नाही.

बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय १८४२ च्या पोर्तुगीजकालीन वैद्यकशाळेचा वारसा सांगतं. तिथे काय किंवा जगातल्या कुठल्याही अद्ययावत एनआयसीयूत काय, आरएसव्हीला मारणारं खात्रीचं औषध नाही. हे ऐकून आई-बाप हबकतात. पण शरीर हा विषाणू स्वतःच हटवतं, त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस बाळाचा श्वास चालता ठेवायचा, पोटात दूध जाऊ द्यायचं आणि अंग उबदार ठेवायचं, एवढाच उपचार असतो. तो दिसतो त्याहून अवघड असतो.

प्राणवायू आधी नाकातल्या बारीक नळीने देतात. तो पुरला नाही तर सीपॅप. यात नाकावाटे सतत हलका दाब दिला जातो, म्हणजे श्वास सोडल्यावर पिशव्या पूर्ण मिटत नाहीत आणि पुढच्या श्वासाला त्या नव्याने उघडण्याचे कष्ट पडत नाहीत. १९७१ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी मुदतपूर्व बाळांमध्ये ही पद्धत यशस्वी करून दाखवली. त्याचा स्वस्त आणि भरवशाचा प्रकार म्हणजे बबल सीपॅप. बाळाने सोडलेली हवा ज्या नळीतून जाते तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. टोक ५ सेंटिमीटर खोल असेल तर दाब तेवढ्या पाण्याचा. बाटलीत बुडबुडे येत राहिले की यंत्रणा नीट चालू आहे. पाळण्याशेजारी चालणारी ती बुडबुड ऐकून नातेवाईक दचकतात, पण काळजी करावी ती बुडबुड थांबल्यावर.

त्यानेही भागलं नाही तर घशातून नळी घालून व्हेंटिलेटर. काही बाळांमध्ये फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसून बसतात, तेव्हा नायट्रिक ऑक्साइड हा वायू श्वासातून देतात. दूध नाकातून जठरात सोडलेल्या नळीने, तेही झेपलं नाही तर सलाइन. प्राणवायू मोजूनच दिला जातो, कारण मुदतपूर्व बाळात त्याचा अतिरेक डोळ्यांच्या पडद्याला इजा करतो. बाळाच्या रक्तातला प्राणवायू दाखवणाऱ्या यंत्रावरच्या आकड्याकडे पाहून ‘१०० का नाही?’ असं विचारणाऱ्या बाबांना हे सांगावं लागतं.

विषाणूचा आजार असून अँटिबायोटिक का दिलं, हा प्रश्न सुशिक्षित घरांत हमखास येतो, आणि योग्यही आहे. उत्तर असं की नवजात बाळात विषाणू आणि जिवाणू यांची लक्षणं हुबेहूब सारखी असतात, आणि रक्तातला जिवाणूंचा संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून रक्त तपासणीला पाठवून अँपिसिलिन आणि जेंटामायसिनसारखी औषधं सुरू करतात. अहवालात जिवाणू सापडले नाहीत आणि बाळ सुधारलं तर ती थांबवता येतात. ती कधी थांबवणार, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

घरी मात्र यातलं काही करायचं नाही. सर्दीच्या पातळ औषधातल्या क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीबद्दल, ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. नवजात बाळाला कफ सिरप नाही, वाफ नाही, शेजारच्यांचा नेब्युलायझर नाही. नाक चोंदलं तर दूध पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे, औषधांच्या दुकानात मिळणारे थेंब. बस्स.

लस यायला इतकी वर्षं का लागली

आरएसव्ही १९५६ साली सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, अमेरिकेत. दुसऱ्याच वर्षी तो आजारी बाळांमध्येही मिळाला. लगेच लसीचे प्रयत्न सुरू झाले. १९६६ मध्ये फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूची लस बाळांना टोचली गेली आणि घडलं ते उलटंच. पुढे नैसर्गिक लागण झाली तेव्हा लस घेतलेली बाळंच जास्त आजारी पडली, त्यांतल्या बहुतेकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि दोन बाळं दगावली. त्या धक्क्याने हे क्षेत्र कित्येक वर्षं गोठलं.

कारण उलगडलं ते फार उशिरा. पेशीत शिरण्यासाठी हा विषाणू एक प्रथिन वापरतो, आणि त्या प्रथिनाचे दोन आकार असतात, शिरण्याआधीचा आणि शिरल्यानंतरचा. खरी परिणामकारक प्रतिपिंडं पहिला आकार ओळखतात, पण तो अस्थिर असतो, चटकन दुसऱ्यात बदलतो. जुन्या लसीतून शरीराला दिसला तो निकामी दुसरा आकार. २०१३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी पहिल्या आकाराची रचना उलगडली आणि तो तसाच स्थिर ठेवण्याची युक्तीही शोधली. त्यानंतर दहा वर्षांत, २०२३ मध्ये, अमेरिकेत गरोदर स्त्रियांसाठी लस मंजूर झाली. आईला टोचायची आणि प्रतिपिंडं नाळेतून बाळाला पोचायची. त्याच वर्षी तिथे निर्सेव्हिमॅब हे तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शनही आलं, थेट बाळाला एकदा दिलं की काही महिने पुरणारं. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्ही मार्गांची शिफारस केली.

भारताच्या मोफत लसीकरणात यातलं काही नाही. बाळाला दीड महिन्यापासून मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल लसी जिवाणूंच्या न्यूमोनियाविरुद्ध आहेत. त्या चुकवायच्या नाहीत, पण न्यूमोनिया करणाऱ्या विषाणूंपासून त्या वाचवत नाहीत. गरोदरपणात घेतलेली फ्लूची लस मात्र बाळालाही पहिले काही महिने उपयोगी पडते आणि ती आपल्याकडे मिळते. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तिच्याबद्दल विचारावं, आणि बाळ मुदतपूर्व जन्मलं असेल तर आरएसव्हीच्या प्रतिपिंडाबद्दल बालरोगतज्ज्ञांना.

बरं होऊन घरी आलेलं बाळ दोन-तीन आठवडे खोकत राहिलं तर घाबरू नये, श्वासनलिकांच्या आतलं अस्तर नव्याने भरून यायला तेवढा वेळ लागतो. लहान बाळाच्या नाकातून विषाणू तीन-चार आठवड्यांपर्यंत बाहेर पडू शकतो, तेव्हा त्या काळात दुसऱ्या तान्ह्या बाळाच्या घरी त्याला नेऊ नये. एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही असंही नाही, आरएसव्हीविरुद्धची प्रतिकारशक्ती अपुरी आणि अल्पजीवी असते. पण बाळ तोवर वाढलेलं असतं, नळ्या रुंदावलेल्या असतात, आणि पुढची लागण बहुधा सौम्य जाते. गंभीर न्यूमोनिया होऊन गेलेल्या काही मुलांना पहिली काही वर्षं सर्दीबरोबर छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. प्रत्येक वेळी तो दमाच असेल असं नाही. म्हणून एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच पाकिटात ठेवावं, आणि नवीन डॉक्टरकडे गेलं की आधी ते दाखवावं.